घर, बाकडे, छत्र्या आणि चौकशीसाहेबांची सही

लिहून ठेवणार: मी, ओळखीचे व सहीचेही नाव छत्रीमास्तर, वय वर्षे अठ्ठ्याऐंशी पूर्ण, धंदा छत्र्या दुरुस्त करणे व नव्या विकणे, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, वर्गात पहिला, राहणार स्वतःच्याच दुकानाच्या माथ्यावर. मी आज स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शाईने व स्वतःच्या अकलेने असे लिहून ठेवतो की, माझी नजर चष्म्यासह उत्तम आहे, कान हवे तेवढे ऐकतात व डोके पूर्णपणे ठिकाणावर आहे. शेवटच्या मुद्द्याबद्दल माझ्या चिरंजीवांस शंका असल्यास त्यांनी ती आजच माझ्यासमक्ष काढावी. नंतर काढलेली शंका ऐकण्यास मी हजर नसेन.

येत्या गुरुवारी माझे पित्ताशय काढणार आहेत. "किरकोळ ऑपरेशन आहे, आजोबा," असे सर्जन हसत म्हणाले व त्याच हसण्यात त्यांनी माझ्या सह्या घेतल्या, "काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही" या मजकुराखाली. त्यावरून मी काय समजायचे ते समजलो व वकीलबाईंना बोलावले. त्या आता टेबलापलीकडे बसल्या आहेत. त्यांनी आणलेल्या छापील नमुन्यात माझ्याविषयी काहीच नव्हते, सबब मी तो साभार परत केला.

"आजोबा, मृत्युपत्रात एवढं सगळं लिहीत नाहीत हो."

"कायद्यात बंदी आहे का?"

"बंदी नाही, पण…"

"मग तुम्ही चहा घ्या."

कलम पहिले, राहते घर. दुकानावरील दोन खोल्या, स्वयंपाकघर व रस्त्याकडील गॅलरी, असे हे घर मी माझी कन्या, जिला साठीतही घरात बारकी म्हणतात, हिला पूर्ण मालकी हक्काने देतो. ते तिने वापरावे, विकावे किंवा त्यात हत्ती पाळावा. कोणाचीही तक्रार चालणार नाही.

हे वाक्य वाचून दाखवताच चिरंजीव खुर्चीतून अर्धे उठले. त्यांचा फरश्यांचा व नळांचा व्यापार आहे व बोलणेही त्याच वजनाचे आहे.

"बाबा, तिला घर कशाला? एकटा जीव. पेन्शन आहे. आयुष्यभर हवामान खात्यात कारकुनी केली, आता आमच्याकडे येऊन राहील की!"

बारकी गॅलरीच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही. न बोलण्याचा तिला सरकारी अनुभव आहे. परंतु मला तो नाही, सबब चिरंजीवांच्या माहितीसाठी कलम दुसरे लिहितो.

कलम दुसरे, कन्येची नोकरी. ही मिळकत नव्हे, हे वकीलबाईंनी मला दोनदा सांगितले. माझ्या मते माझी हीच सर्वांत मोठी मिळकत आहे.

बारकी लहानपणी दुकानात उघड्या छत्र्यांखाली बसून अभ्यास करी. छत्रीखाली बोललेले कसे घुमते, काळे कापड जास्त का तापते, असे प्रश्न विचारून तिने माझा जीव नकोसा केला होता. पुढे ती पदार्थविज्ञान शिकली व त्यात डॉक्टर झाली. त्यानंतर एके दिवशी इस्त्रीच्या शर्टातले दोन गृहस्थ दुकानात आले, त्यांनी जवळपास प्रत्येक छत्री उघडून पाहिली, बारकीविषयी गप्पा मारल्या व एकही छत्री न घेता गेले. महिन्याभरात तिला नोकरी लागली.

"बाबा, कोणी विचारलं तर सांगा, मी हवामान खात्यात आहे."

"आणि खरी कुठे आहेस?"

"हवामान खात्यात."

तिच्या आईने त्याच रात्री ओळखले. "हवामानवाल्यांना गाडी न्यायला येत नाही हो," असे ती म्हणाली व कूस बदलून झोपली. मी मात्र कर्तव्य म्हणून साऱ्या गल्लीला हवामान खाते सांगितले. परिणाम असा झाला की, सकाळी बारकी घराबाहेर पडली की खिडक्यांतून विचारणा सुरू: "अगं, गादी उन्हात टाकू का?" "भिंतीचे पापुद्रे उडालेत, रंग लावून घेऊ का आज?" सोंग वठवण्यासाठी बिचारी रोज रेडिओवरचा अंदाज पाठ करून निघू लागली. उत्तर मात्र सर्वांना एकच देई, "पावसाची शक्यता नाकारता येत नाही." पोरे तिची नक्कल करीत. गणितात पास होशील का, तर शक्यता नाकारता येत नाही! इतक्या वर्षांत तिने कोणत्याही गोष्टीस ठाम हो म्हटल्याचे गल्लीने ऐकलेले नाही.

समोरचा घड्याळजी तर गिऱ्हाइकांना ओरडून सांगे, "मुलगी पाऊस सांगते, बाप छत्री विकतो! काय धंदा जमवलाय!" त्याचा समाचार कलम पाचमध्ये घेतला आहे.

गेल्या महिन्यात बारकी निवृत्त झाली. त्यावेळी कार्यालयाने तिला बाहेर सांगण्यापुरती एक परवानगी दिली. ती एका कागदावर टाईप केलेली असून तीत मोजकी वाक्ये आहेत. त्यांबाहेरचे मी लिहिल्यास ती खोडेल, असे तिने आत्ताच दारातून बजावले आहे.

मंजूर मजकूर असा: माझी कन्या हेरखात्यासाठी जमीन ऐकत होती. दूर कोठे, दुसऱ्या देशात, जमिनीच्या पोटात कोणी बॉम्बची चाचणी केली, तर तो हादरा आपल्याकडील यंत्रांपर्यंत पोहोचतो. परंतु भूकंपाचाही हादरा पोहोचतो. जमीन आपोआप हलली की कोणी हलवली, हे ओळखणे तिचे काम होते. तिच्या शब्दावर मंत्री झोपत किंवा जागत.

"ओळखायचं कसं ग?" मी विचारले.

तिने टेबलावरची छत्री उचलली व खटका दाबला. "स्फोट असा असतो, बाबा. सगळ्या काड्या एकदम बाहेर. सगळ्या दिशांना जमीन ढकललीच जाते. आणि भूकंप म्हणजे वाऱ्याने उलटलेली छत्री. एका अंगाला ढकलते, दुसऱ्या अंगाला ओढते."

मला तत्काळ समजले व त्या आनंदात मी भर दुपारी घरात छत्री उघडून फिरलो, याची नोंद असावी.

एका वर्षी, (येथील दोन शब्द कन्येने खोडले, खोडाखोड मला मान्य), पलीकडच्या देशातून मोठा हादरा आला. तिचे सर्व वरिष्ठ म्हणाले, बॉम्बच. टेबलावर नकाशे पसरले गेले, सैन्याच्या रजा रद्द झाल्या. बारकी एकटी म्हणत राहिली, "हा कोणी केलेला नाही. एका बाजूने ओढ आहे." तिला दम भरला, तिची हेटाळणी केली, दुसऱ्या खोलीत बसवले. ती त्या खोलीतून तेच म्हणत राहिली. मग मागचे बारके धक्के येऊ लागले, जसे भूकंपामागून येतात, व नकाशांच्या घड्या झाल्या. चिरंजीवांचे लग्न त्याच आठवड्यात होते. बारकी उशिरा आली, तिच्या डोळ्यांखाली काळे होते व "कारकुनाला एवढं काय काम असतं?" असे नवरदेव सर्वांदेखत म्हणाले होते. तिने त्यांना आहेर दिला व ती पंगतीत वाढायला लागली.

हे वाचून झाल्यावर चिरंजीव खाली बसले. मग म्हणाले, "बारके, मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तुझ्या मागे चौकशी लागली असती, दादा."

"माझ्या नळांची?"

"नळांची पहिली."

सून आतून इतकी हसली की तिला ठसका लागला. चिरंजीवांची घराबद्दलची हरकत येथे संपली, असे मी समजतो. त्यांनी मान हलवली आहे.

कलम तिसरे, पदक. त्या हादऱ्याबद्दल तिला पदक मिळाले. ते तिच्या गळ्यात घातले, टाळ्या वाजवल्या, काढून घेतले व कार्यालयातील कपाटात कुलूपबंद केले. गुप्त कामाचे पदकही गुप्त. ते पाहण्याची इच्छा झाल्यास तिने अर्ज करावा, असा नियम आहे. सरकारने ते कपाट कधी उघडल्यास पदक दुकानातील माझ्या खुर्चीमागच्या खिळ्यावर टांगावे. खिळा मी आजच ठोकून ठेवला आहे.

कलम चौथे, दुकान व शिल्लक. दुकानाची जागा चिरंजीवांस, कारण त्यांना गोदाम हवे आहे व मला त्यांचा राग धरता येत नाही. पाटी मात्र काढू नये. बँकेतील शिल्लक सुनेस, एकटीच्या नावे, कारण माझ्या पथ्यपाण्याचा सर्व जाच तिने सोसला व तोंडावर बोलून दाखवला, मागे नाही. पक्कड, कानस, काड्यांचा डबा व शिवणाच्या सुया बारकीकडे राहाव्यात. ती त्यांचे काही करणार नाही, पण जपून ठेवील. दांडीवर लटकणाऱ्या, कोणी न्यायला न आलेल्या छत्र्या गल्लीत वाटून टाकाव्यात. निळी नको. ती जिची आहे त्या बाईंनी मी पाठीमागेच उभा असताना "चौथी पास माणसाला काय कळतंय" असे म्हटले होते व मग छत्री न्यायला त्यांना तोंड उरले नाही. त्या अजून येतील अशी माझी खात्री आहे.

कलम पाचवे, बाकडे. माझ्या व घड्याळजींच्या दुकानांमधल्या भागात असलेले बाकडे कोणाचे, हा वाद आम्ही उभयतांनी इमानेइतबारे चालवला. बाकडे माझे आहे. ते मी घड्याळजींस देतो. म्हणजे ते माझे होते हे त्यांना घेताना कबूल करावे लागेल.

"मास्तर, माझंच बाकडं मला देता?" घड्याळजी साक्षीदार म्हणून आले आहेत व कोपऱ्यात बसून पाय हलवीत आहेत.

"घ्यायचं नसेल तर सोडा."

"सोडतोय कशाला! लिहा तुम्ही."

लिहिले.

कलम सहावे, चौकशीसाहेबांस काहीही न देण्याबाबत. हे कलम सर्वांनी लक्ष देऊन वाचावे.

बारकीच्या नोकरीत असा नियम होता की, दर काही वर्षांनी एक अधिकारी घरी येऊन तिच्याविषयी चौकशी करणार. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच अधिकारी आले. त्यांना आम्ही चौकशीसाहेब म्हणतो. पहिल्या वेळी त्यांच्या मिशा काळ्या होत्या व आज पांढऱ्या आहेत. ते विचारीत, मुलीला काही व्यसन? मी सांगे, जेवताना पुस्तक वाचते. कोणाचे घरी येणे-जाणे? तुमचेच. नंतर ते गल्लीभर विचारीत हिंडत. घड्याळजींनी त्यांना उलट विचारले होते, "हवामान खात्यासाठी एवढी चौकशी? पाऊस चोरून नेणार आहे का ती?"

ज्याच्या घरी चौकशी करायची त्याच्या घरचे पाणीही घ्यायचे नाही, असा साहेबांचा नियम. माझ्या घरी माणूस येतो, समोर पेला ठेवला जातो व तो माणूस त्या पेल्याकडे पाहून घसा खाकरतो! बारकीच्या आईने हा अपमान फार मनाला लावून घेतला. "विष घालणार आहे का मी?" असे ती त्यांना तोंडावर म्हणाली होती. "नाही हो वहिनी," ते म्हणाले, "पण पाणी चांगलं लागलं तर मग चौकशी नीट होणार नाही."

त्या उत्तरावरून तिने काहीतरी ताडले. मला ताडायला छत्री लागली.

चौकशीखेरीज साहेब छत्री दुरुस्तीलाही येऊ लागले. दुकान म्हणजे घर नव्हे, तेथे येण्यास नियमाची आडकाठी नव्हती. पावती मागून घेत. वर्षाला दोन-तीनदा काडी मोडलेली. वाऱ्याने मोडलेली काडी सांध्यापाशी मुरडते व शेजारणीलाही वाकवते. यांची काडी मधोमध, एकटी, स्वच्छ मोडलेली असे व तिच्यावर पकडीचे दात उमटलेले असत. छत्री आपोआप मोडली की कोणी मोडली, एवढे मलाही ओळखता येते. व दर वेळी बारकीच्या गाडीची यायची वेळ गाठूनच हे महाशय बाकड्यावर बसलेले.

दोघांत काय बोलणे होई ते मी काउंटरामागून ऐकले आहे.

"आज पाऊस येईल का, मॅडम?"

"शक्यता नाकारता येत नाही."

संपले. ज्याने चौकशी करायची, त्याने जिची चौकशी करायची तिच्याशी नाते जोडले, तर तिला कामावरून बाजूला करीत, असा नियम. ती बाजूला झाली असती तर जमीन कोणी ऐकली असती? दोघांनाही ते ठाऊक होते. तोंडाला कुलूप लावून दोघेही इमानाने नोकरी करीत राहिले.

चौकशीसाहेब तिच्या आधी निवृत्त झाले, पण ती नोकरीत असेपर्यंत नियम लागूच राहिला. बारकी गेल्या महिन्यात सुटली. ती निवृत्त झाली त्याच संध्याकाळी साहेब जिना चढून वर आले, खुर्चीवर बसले व म्हणाले, "मास्तर, पाणी मिळेल का?" मी स्वतः उठून दिले. त्यांनी तीन पेले लागोपाठ रिचवले. बारकीच्या आईच्या तसबिरीकडे पाहून म्हणाले, "चांगलं आहे, वहिनी." मला तेथे बसवेना, म्हणून मी उगाच दिवा लावून आलो.

तेव्हापासून ते रोज येतात. आता आडकाठी काहीही नाही. दोघे गॅलरीत बसतात व हवामानावर बोलतात! ढग आहेत. हो, आहेत. काल नव्हते. नव्हते खरे. माझे पित्ताशय बिघडण्याचे खरे कारण हेच असावे. गुरुवार तोंडावर आला आहे व मी गेलो तर ही दोन माणसे ढग मोजत बसतील.

सबब मी या मृत्युपत्रान्वये चौकशीसाहेबांस काहीही देत नाही. छत्री नाही, पेला नाही, गॅलरीतील खुर्चीही नाही. या कलमातले एवढेच मी मोठ्याने वाचले, तेव्हा वकीलबाईंनी भुवया उंचावल्या. मी म्हणालो, "लिहिलं ते लिहिलं." साक्षीसाठी आलेल्या साहेबांनी शांतपणे मान डोलावली. माणूस सज्जन आहे, पण मंद आहे.

कलम सातवे, साक्षीदार. साक्षीदार म्हणून मी घड्याळजी व चौकशीसाहेब यांस बोलावले आहे. चौकशीसाहेबांइतका खात्रीचा साक्षीदार शोधून सापडणार नाही, असे मी सर्वांस सांगितले.

आता खरे लिहितो. यंत्रे नीट ऐकतात की नाही हे पाहण्यासाठी बारकीचे लोक एखाद्या खाणीत मुद्दाम लहानसा सुरुंग उडवीत व सुया हलतात का ते बघत. हेही मंजूर मजकुरात आहे. मी तेच केले. वकीलबाईंना म्हणालो, "साक्षीदाराचा नियम मोठ्याने वाचा. मला कमी ऐकू येतं." मला ऐकू येते.

वकीलबाईंनी वाचले, "मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं, त्याची सही साक्षीदार म्हणून घेऊ नये. त्याच्या बायकोची किंवा नवऱ्याचीही घेऊ नये."

घड्याळजी घाबरले. "म्हणजे माझं बाकडं?"

"बाकडं तुमचंच होतं, असं मी आत्ता कबूल करतो," मी म्हणालो. "कलम पाच रद्द." इतक्या वर्षांचा वाद मी एका श्वासात हरलो, एवढी मला घाई होती. घड्याळजींनी सही ठोकली व नंतर बराच वेळ माझ्याकडे संशयाने पाहिले.

मग मी पेन चौकशीसाहेबांपुढे ठेवले व कान लावून बसलो.

साहेबांनी पेन उचलले. टोपण काढले. कागद पहिल्यापासून वाचला, कारण न वाचता सही करणे त्यांना जमत नाही. कलम पहिल्यावर थांबले. टोपण पुन्हा लावले.

"वकीलबाई, मला ही सही करता येणार नाही."

"का? तुम्हाला तर यातून काहीच मिळत नाहीये. आजोबांनी मुद्दाम तसं लिहिलंय."

"मला नाही मिळत. पण घर जिला मिळतंय तिच्या नवऱ्याची सही चालत नाही ना?"

"पण त्यांना नवरा कुठे आहे?"

"तेच विचारायचं राहिलंय," साहेब म्हणाले व त्यांचे कान लाल झाले.

चिरंजीवांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. बारकी गॅलरीच्या दारातून आत आली.

"माझ्याबद्दल साऱ्या गल्लीला विचारलंत. घड्याळजींना विचारलंत, दूधवाल्याला विचारलंत. मला कधी काही विचारलंच नाहीत."

"नियमात बसत नव्हतं, मॅडम."

"आणि निवृत्त झाल्यावर?"

"सवय मोडत नव्हती."

"बरं, मग विचारा."

साहेब उभे राहिले. त्यांनी शर्टाची बटणे चाचपली. "लग्न कराल का माझ्याशी?"

बारकीने आढ्याकडे पाहिले, जशी ती खिडकीतल्या बायकांना उत्तर देताना आभाळाकडे पाही, व म्हणाली, "शक्यता नाकारता येत नाही."

"ए बाई!" घड्याळजी बाकड्यावर बसल्यासारखे मांडीवर थाप मारून ओरडले, "निदान आज तरी नीट सांग!"

"हो," बारकी म्हणाली. "नक्की. शंभर टक्के."

यानंतर जो गोंधळ झाला तो कायदेशीर मराठीत लिहिता येत नाही. सून रडत हसली, चिरंजीवांनी साहेबांना "भावोजी" म्हणून हाक मारली व मी दोन छत्र्या उघडल्या. वकीलबाई म्हणत होत्या, "अहो, अजून लग्न झालेलं नाही, आज तुमची सही चालेल!" त्यावर साहेब म्हणाले, "नको. मी धोका पत्करत नाही." शेवटी सून तळमजल्यावर धावली व दाताच्या डॉक्टरीणबाईंना हातमोज्यांसह घेऊन आली. त्यांचा रोगी तोंड उघडे ठेवून खुर्चीत बसला आहे, म्हणून पुढील मजकूर थोडक्यात.

सर्जनसाहेबांस विनंती की, गुरुवारी काळजीपूर्वक काम करावे. मला आता एका लग्नास हजर राहायचे आहे.

हे मी राजीखुशीने, अतिशय खुशीने, लिहून ठेवले. वाचून पाहिले, शुद्धलेखनाची चूक नाही.

स्थळ: दुकानावरील राहते घर, टेबलापाशी.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा मंगळवार, दिवसाउजेडी.
लिहून ठेवणाराची सही: (केली) छत्रीमास्तर

समक्ष हजर साक्षीदार:
१. समोरचे घड्याळजी, बाकड्याचे मालक. (सही)
२. दाताच्या डॉक्टरीणबाई, तळमजला. (सही, एका हातातला मोजा काढून)

हजर, परंतु सही न केलेले: चौकशीसाहेब. कारण, कन्येचे होणारे यजमान.